बासरी, पियानो आणि नागपूरचा उन्हाळा

पाश्चात्य संगीताची छापील संहिता प्रथमच हाती घेणाऱ्या आपल्याकडील रसिकास, पाच ओळींच्या जाळ्यात अडकलेल्या त्या काळ्या ठिपक्यांचा अर्थ लागण्यापूर्वीच, पानाच्या माथ्यावर तीन निवेदने आढळतात. त्यांपैकी पहिले म्हणजे रचना कोणत्या पट्टीत बांधली आहे याचे, दुसरे ती कोणत्या लयीत चालवावी याचे आणि तिसरे, जे कधी स्पष्ट शब्दांत लिहिलेले असते तर कधी पहिल्या दोहोंच्या आडून केवळ सूचित होते, ते तिच्या भावाचे. ख्यालाच्या मैफलीत यांपैकी काहीच कागदावर नसते; गायक तानपुरा जुळवतो तेव्हा पट्टी ठरते, तबलजीकडे पाहून मान हलवतो तेव्हा लय ठरते आणि भावाचा मामला रागाच्या व गळ्याच्या स्वाधीन असतो. परंतु या तिन्ही गोष्टींचा परस्परांशी नेमका संबंध काय, पट्टी बदलली म्हणजे भाव बदलतो काय, आणि लय वाढली म्हणजे आनंद वाढलाच पाहिजे काय, हे प्रश्न दोन्ही संगीतांत सारखेच उभे राहतात. त्यांची उत्तरे मात्र दोन्हीकडे निरनिराळी दिली गेली आहेत.

उदाहरणासाठी एकच रचना घेतो. गाब्रिएल फोरे या फ्रेंच संगीतकाराने १८९८ साली पॅरिसच्या कॉन्झर्व्हेटॉयरमधील बासरीच्या वार्षिक परीक्षेसाठी, तेथील बासरीचे अध्यापक पॉल ताफानेल यांच्या विनंतीवरून, बासरी आणि पियानो यांच्यासाठी एक ‘फांतेझी’ लिहिली. ती जेमतेम पाच मिनिटांची असून तिचे दोन भाग आहेत: पहिला ‘आंदान्तिनो’, ई मायनर या पट्टीत, संथ आणि लांब श्वासाचा, दुसरा ‘अलेग्रो’, सी मेजर या पट्टीत, चपळ आणि जिभेच्या टोकाने स्वर तोडत जाणारा. परीक्षकांचा हेतू उघड होता. उमेदवाराचा सूर किती भरीव आहे आणि दमसास किती टिकतो, हे पहिल्या भागात पाहावयाचे, आणि बोटे व जीभ किती तयार आहेत, हे दुसऱ्यात. बडा ख्याल आणि त्यामागून छोटा ख्याल ऐकण्यास सरावलेल्या कानाला ही तजवीज मुळीच परकी वाटू नये.

आता पट्टीचा विचार करू. पट्टी सांगण्याची आपली पद्धत ही पेटीनेच आपल्याला दिलेली आहे. पेटीच्या सप्तकात पाच काळ्या आणि सात पांढऱ्या पट्ट्या असतात. त्यांपैकी जिच्यावर गायक आपला षड्ज ठेवतो तिचे नाव तो सांगतो, आणि म्हणून नागपुरात काय किंवा मिरजेत काय, एखाद्या गवयाची पट्टी काळी एक असते, एखाद्या गायिकेची काळी चार किंवा पाच असते, आणि तबलजी त्या हिशेबाने कोणता तबला बरोबर घ्यायचा ते ठरवतो. पाश्चात्यांचा ‘सी’ म्हणजे आपली पांढरी एक आणि ‘ई’ म्हणजे पांढरी तीन. योगायोग असा की, आजच्या मैफलीत वाजणाऱ्या आपल्या पुष्कळ लांब बासऱ्यांचा षड्ज पांढरी तीनचाच असतो. म्हणजे फोरेच्या पहिल्या भागाचा आधारस्वर आपल्या बासरीवाल्याला घरचाच आहे. आपल्याकडे पट्टी ही निव्वळ सोय आहे: गळा जेथे मोकळा होतो, वाद्य जेथे खुलते, ती जागा. यमन काळी एकमध्ये गायला काय किंवा पांढरी चारमध्ये गायला काय, तो यमनच राहतो, आणि श्रोता त्यात भावाचा फरक शोधीत बसत नाही.

पाश्चात्यांच्या पट्टीच्या नावात मात्र दोन गोष्टी एकत्र बांधलेल्या असतात. ‘ई’ हा झाला षड्ज; ‘मायनर’ हे झाले त्या षड्जावर उभ्या केलेल्या स्वरांचे स्वरूप. ई मायनरचे मूळ स्वर भातखंड्यांच्या दहा थाटांत बसवायचे झाले तर ते आसावरी थाटात बसतात: गांधार, धैवत आणि निषाद हे तीन स्वर कोमल, बाकीचे शुद्ध, फक्त षड्जाकडे परतताना निषाद पुष्कळदा शुद्ध होतो. सी मेजर म्हणजे सरळसरळ बिलावल, सातही स्वर शुद्ध. म्हणजे पट्टीच्या नावातील भावाचा जो अंश आहे तो ‘ई’ किंवा ‘सी’ या अक्षरांत नसून मायनर-मेजर या भेदात आहे, आणि त्या भेदाचा बहुतेक भार एकट्या गांधारावर आहे. हा कोमल गांधार शुद्ध झाला की पाश्चात्य श्रोत्याच्या मनावरचे मळभ दूर होते, असा त्यांचा तीनशे वर्षांचा शिरस्ता. आपल्या कानाला तो इतका सरधोपट वाटत नाही, कारण आपल्याकडे कोमल गांधाराचा काफी होळीत रंगतो आणि शुद्ध गांधाराचा भैरव गंभीर राहतो.

परंतु फोरे ई मायनरहून सी मेजरला जातो म्हणजे नक्की काय करतो, हे समजण्यास आपल्याच शास्त्रातील मूर्च्छनेची कल्पना फार उपयोगी पडते. आसावरी थाटाचे स्वर तसेच ठेवून त्यातील कोमल धैवताला षड्ज माना आणि तेथून सप्तक वाजवून पाहा. पेटी ज्यांच्या घरी आहे त्यांनी हा प्रयोग अवश्य करावा. जे स्वर मिळतात ते कल्याण थाटाचे असतात, तीव्र मध्यमासकट. त्या तीव्र मध्यमाला शुद्ध करा की बिलावल झाला. फोरेच्या रचनेतील पांढरी तीनचा कोमल धैवत म्हणजेच पांढरी एक. तात्पर्य, दोन भागांतील अंतर कागदावर कितीही दूरचे दिसो, सात स्वरांपैकी केवळ एक स्वर हलला आहे आणि षड्जाची गादी मात्र दुसऱ्याकडे गेली आहे. ऐकणाऱ्याला एकदम खिडकी उघडल्यासारखे वाटते त्याचे कारण हा एवढाच फेरफार आहे.

येथेच दोन संगीतांचा खरा फरक लक्षात येतो. आपला तानपुरा मैफलीच्या आरंभी जो षड्ज धरतो तो शेवटपर्यंत सोडीत नाही. बासरीवाला कोठेही भटकला तरी त्याच्या प्रत्येक स्वराचे मोल त्या एका अचल षड्जावरून ठरते. पियानोचे काम याच्या उलट आहे. बासरीने ‘ई’ हा एकच स्वर लांब धरून ठेवला आहे अशी कल्पना करा. पियानोने खाली ई मायनरचा स्वरसंघात वाजवला तर तो स्वर षड्ज आहे. पियानो सी मेजरवर सरकला की, बासरीने ओठही हलवला नसताना, तोच स्वर गांधार होतो. आणि पियानो ए मायनरवर गेला की तो पंचम होतो. वाजणारा स्वर एकच, पण त्याखालची जमीन बदलल्यामुळे त्याचे नातेगोते आणि त्याबरोबर त्याचा रंग बदलत जातो. बासरी-पियानोच्या रचनेत पियानोला केवळ साथीचे वाद्य मानण्याची जी चूक नवखा श्रोता करतो ती म्हणूनच फार मोठी आहे. भावाची निम्मी सत्ता पियानोच्या डाव्या हाताकडे असते, आणि फोरे तर त्या हाताला एका जागी स्वस्थ बसू देणाऱ्यांतला नव्हे.

आपल्याकडे या अनुभवाच्या जवळ जाणारे काही नाहीच असे मात्र नाही. मूर्तिजापुरास १९२० साली जन्मलेले आणि नागपुरात शंकरराव सप्रे यांच्यापाशी गाणे शिकलेले डॉ. वसंतराव देशपांडे, ज्यांचे नाव आज सिव्हिल लाइन्समधील सभागृह वागवीत आहे, ते पुढे लाहोरास असद अली खाँ यांच्याकडे मारवा शिकले आणि त्यांचा मारवा महाराष्ट्रात गाजला. मारव्यात पंचम वर्ज्य. कोमल ऋषभ आणि धैवत यांच्यावर सारा भर, आणि षड्ज इतका कृपणतेने लावायचा की तानपुरा तो सतत सांगत असतानाही कानाला क्षणभर प्रश्न पडावा की जमीन खरोखर कोठे आहे. सूर्यास्ताच्या वेळची जी बेचैनी मारव्याला चिकटलेली आहे तिचे मूळ, माझ्या मते, या लपवलेल्या षड्जात आहे. फरक इतकाच की, मारवा गाणारा जमीन लपवतो आणि फोरे ती खरोखरच बदलतो.

जमीन अशी हवी तेव्हा बदलता येण्यासाठी पाश्चात्यांनी जी किंमत मोजली ती लहान नाही. कोणत्याही पट्टीवर षड्ज ठेवला तरी सगळ्या सप्तकांनी सारखेच वाजावे, म्हणून सप्तकाचे बारा अगदी समान तुकडे करण्यात आले. यात षड्ज-पंचम जवळजवळ शाबूत राहिला. पण गांधार बिघडला. अर्ध्या स्वराचे शंभर भाग कल्पिले तर पियानोचा शुद्ध गांधार तानपुऱ्यातून आपसूक उमटणाऱ्या गांधाराहून सुमारे चौदा भाग चढा असतो, आणि कोमल गांधार स्वाभाविक कोमल गांधाराहून सुमारे सोळा भाग उतरलेला. ज्याने तानपुऱ्याच्या खर्जाच्या तारेतून तो स्वयंभू गांधार कधी ऐकला आहे, त्याला पियानोचा किंवा पेटीचा गांधार टोचतो, आणि ते टोचणे केवळ सोवळेपणाचे नसते.

या गांधाराच्या पायी महाराष्ट्रात एक मोठी चळवळ झाली, आणि ती कोणा गवयाने नव्हे, तर मुलकी खात्यातील एका निवृत्त अधिकाऱ्याने केली. कृष्णाजी बल्लाळ देवल हे पेन्शनर डेप्युटी कलेक्टर. आयुष्यभर जमाबंदीची दप्तरे तपासलेल्या या गृहस्थांनी निवृत्तीनंतर बावीस श्रुतींची मोजणी हाती घेतली, खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांच्या गळ्याचे साहाय्य घेऊन तारेच्या लांबीवरून स्वरांची प्रमाणे काढली आणि १९१० साली पुण्यात त्यांवर इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध केले. अर्नेस्ट क्लेमंट्स या सनदी नोकरीतील इंग्रज अधिकाऱ्याने त्यांचा पक्ष उचलून धरला, आणि दोघांच्या मतांप्रमाणे श्रुतींची एक खास पेटी तयार करण्यात आली. १९१६ साली बडोद्यास सयाजीराव महाराजांच्या आश्रयाखाली जी अखिल भारतीय संगीत परिषद भरली, तीत ही पेटी मांडली गेली तेव्हा भातखंडे आणि त्यांच्या बाजूचे गुणीजन यांनी तिच्यावर हरकती घेतल्या आणि गवयांच्या गळ्याशी ती जुळत नाही असा निवाडा दिला. देवलांचे बावीस आकडे अचूक होते की नव्हते हा वाद आजही मिटलेला नाही. माझा स्वतःचा कल असा की, श्रुती ही मोजून ठेवण्याची जागा नसून आंदोलनाने गाठण्याची जागा आहे, आणि बावीसच काय पण चव्वेचाळीस पट्ट्यांची पेटी केली तरी दरबारीचा गांधार तिच्यात सापडणार नाही. तरीही एका कलेक्टर कचेरीतील माणसाने गांधारासाठी म्हातारपण खर्ची घालावे, ही गोष्ट मराठी माणसाने अभिमानाने सांगावी अशीच आहे.

पुढे पेटीच्या गांधारावरचा हाच आक्षेप सरकारी हुकुमाच्या रूपाने आला. आकाशवाणीवर पेटी वाजवू नये, अशी बंदी १ मार्च १९४० पासून अमलात आली. त्या वेळी नभोवाणीचे प्रमुख लायोनेल फील्डन होते, आणि तेथील पाश्चात्य संगीत विभागाचे जॉन फौल्ड्स यांनी, म्हणजे पियानोवर वाढलेल्या एका इंग्रज संगीतकारानेच, पेटीविरुद्ध आधी लेखणी चालवली होती. नागपूरचे आकाशवाणी केंद्र जुलै १९४८ मध्ये सुरू झाले ते ही बंदी चालू असतानाच. त्यामुळे वऱ्हाड-नागपुरातील एका संपूर्ण पिढीने नभोवाणीवरील गाणे पेटीवाचून ऐकले, आणि घरोघरच्या व नाटकांच्या पेट्या मात्र पूर्ववत वाजत राहिल्या. १९७१ साली बंदी अंशतः सैल झाली. बासरीला या साऱ्या मामल्यात कधीच कोणी हात लावला नाही, कारण तिचा स्वर बोटाने अर्धे छिद्र झाकून किंवा ओठाचा कोन बदलून हवा तेवढा वर-खाली नेता येतो. पियानोबरोबर वाजवणाऱ्या बासरीवाल्याला म्हणूनच एक गोष्ट सतत करावी लागते: पियानोचा गांधार चढा आहे हे जाणून, एकत्र थांबण्याच्या जागी त्याला सामावून घ्यावयाचे, आणि एकटे असताना आपल्या कानाला पटेल तेथे जावयाचे.

आता पट्टीच्या नावालाच भाव असतो या मताकडे वळू, कारण युरोपात ते फार काळ प्रतिष्ठित होते. श्यूबार्ट या जर्मन कवी-संगीतकाराने अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात, ड्यूकच्या रोषामुळे दहा वर्षे किल्ल्यात कैद भोगीत असताना, प्रत्येक पट्टीचे स्वभाववर्णन सांगून लिहवले. ते १८०६ साली, त्याच्या मृत्यूनंतर, छापले गेले. त्यात सी मेजर म्हणजे निर्मळ निरागसता, डी मेजर म्हणजे विजय आणि ई मायनर म्हणजे भोळ्या मुलीने दिलेली प्रीतीची कबुली, पांढऱ्या वस्त्रात, छातीशी गुलाबी फीत बांधून. आपल्याकडील रागध्यानाचे श्लोक आणि रागमालेची चित्रे ज्यांनी पाहिली आहेत त्यांना या युक्तीचे नवल वाटणार नाही. तोडीच्या वीणेभोवती हरणे गोळा करणारा चित्रकार आणि ई मायनरला फीत बांधणारा श्यूबार्ट एकाच कुळातले. परंतु आपण निदान रागाचे चित्र काढतो. राग म्हणजे स्वर, क्रम, न्यास, चलन यांचा समुच्चय, त्याला चेहरा असणे समजण्यासारखे आहे. नुसत्या षड्जाच्या जागेला चेहरा कोठून येणार?

आणि ती जागा तरी कोठे स्थिर आहे? मोझार्टच्या काळातील मध्य सप्तकाचा ‘ए’ सेकंदाला सुमारे ४२२ कंपनांचा होता. १८५९ साली फ्रेंच सरकारने रीतसर फर्मान काढून तो ४३५ वर बांधला, आणि फोरेची रचना परीक्षेला वाजली ती त्याच मापाच्या आसपास. पुढे १९३९ च्या लंडन परिषदेत ४४० हा आकडा ठरला आणि तो आज चालू आहे. या हिशेबाने श्यूबार्टच्या कानातील ई मायनर आजच्या पियानोवर शोधू गेले तर तो काळी दोन आणि पांढरी तीन यांच्या मध्ये कोठेतरी, म्हणजे कोणत्याच पट्टीवर सापडत नाही. पट्टीला स्वतःचा भाव असता तर फ्रान्समधील साऱ्या उदास रचना १८५९ च्या त्या फर्मानाने निदान थोड्या तरी बदलल्या असत्या.

वाद्याच्या बाबतीत मात्र पट्टीला खरोखर स्वभाव असतो, आणि त्याचे कारण निव्वळ शारीरिक आहे. म्युनिकच्या थिओबाल्ड बोमने १८४७ मध्ये जी धातूची बासरी बनवली, आणि जी आज सर्व जगभर वाजते, तिच्यावर काही स्वर खुल्या छिद्रांतून मोकळे येतात, काही चाव्यांच्या गुंत्यातून. तळच्या स्वरांना जाडी असते, वरच्यांना धार. फोरेने आपला आंदान्तिनो अशा पट्टीत बांधला की लांब वाक्ये बासरीच्या मधल्या, गोलाईच्या भागात फिरावीत. आपल्या बांबूच्या बासरीला तर चाव्या नाहीत, म्हणून पट्टी बदलायची तर बासरीच बदलायची. सहा छिद्रांपैकी वरची तीन झाकली की षड्ज. सहाही झाकली की मंद्र पंचम. बारिसालला जन्मलेल्या आणि मुंबईत नावारूपाला आलेल्या पन्नालाल घोषांनी बत्तीस इंची बासरी वापरून ती खर्जाकडे नेली आणि ख्यालाच्या विलंबितास योग्य केली. त्यापूर्वी लहान बासरीचा स्वर मैफलीत टिकत नसे, तो मेळ्यात आणि लोकगीतात शोभे. लांबी वाढल्याबरोबर तेच वाद्य गंभीर झाले.

आणि आता आमच्या नागपूरचा हक्काचा विषय: उन्हाळा. बासरीतील स्वराची उंची तिच्या नळीतील हवेत ध्वनी किती वेगाने धावतो यावर अवलंबून असते, आणि हवा जितकी तापलेली तितका हा वेग अधिक. डिसेंबरातल्या पहाटे नागपुरात पारा दहा अंशांवर असतो तेव्हा ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३३७ मीटर; मे महिन्यात दुपारी पंचेचाळीस अंशांवर तो सुमारे ३५७ मीटर. या दोहोंचे प्रमाण काढले तर ते जवळजवळ तंतोतंत अर्ध्या स्वराचे निघते! म्हणजे केवळ हिशेबाने पाहता, डिसेंबरात पांढरी तीनची असलेली बासरी मे महिन्यात पांढरी चारची व्हावी. प्रत्यक्षात वाजवणाऱ्याचा श्वास हिवाळ्यात नळीतील हवा उबदार करतो, शिवाय मैफली भर दुपारी उन्हात होत नाहीत, म्हणून फरक यापेक्षा पुष्कळ कमी पडतो. तरी तो कानाला कळण्याइतका असतो, आणि वाजवून वाजवून बासरी चढत जाते ही तक्रार प्रत्येक बासरीवाल्याच्या तोंडी असते.

पियानोचे वागणे याच्या नेमके उलट. त्याच्या पोलादी तारा उष्णतेने सैल होतात, त्यामुळे स्वर उतरतो. त्याची लाकडी ध्वनिफळी मे महिन्यातील कोरड्या हवेत आकसते, त्यामुळे स्वर आणखी उतरतो. आणि आषाढात हवेतील दमटपणाने तीच फळी फुगली की तो पुन्हा चढू लागतो. त्यातून नागपूरच्या घरात उन्हाळ्यात वाळ्याच्या ताट्यांचा कूलर लावलेला, म्हणजे वैशाखातच घरापुरता आषाढ. त्या झोताच्या वाटेत ज्या कोणाचा पियानो असेल त्याला जुळवणाराची दरमहा वाट पाहावी लागेल. बासरी वर चढते आहे आणि पियानो खाली उतरतो आहे, अशा स्थितीत दोघांनी एकत्र वाजवायचे तर तडजोड एकानेच करावी लागते. धातूच्या बासरीचे तोंडाकडील टोक थोडे बाहेर ओढून नळी लांबवता येते, पण फार ओढले तर छिद्रांची आपापसातील मापे बिघडतात. बांबूच्या बासरीला तीही सवलत नाही. आपले बासरीवाले एकाच पट्टीच्या, केसभर फरकाच्या दोन-तीन बासऱ्या पिशवीत बाळगतात याचे हे एक कारण.

लयीच्या बाबतीत पाश्चात्यांची परिभाषा पाहिली तर तिच्यात वेग आणि वृत्ती यांची मुळापासूनच सरमिसळ झालेली दिसते. ‘आंदान्ते’ म्हणजे चालत्या पावलाने. हा वेग झाला. ‘अलेग्रो’ म्हणजे उल्हसित. ही वृत्ती झाली, पण वापरात तिचा अर्थ ‘जलद’ असा रूढ होऊन बसला. ‘आंदान्तिनो’ तर इतका संदिग्ध की तो आंदान्तेहून किंचित जलद समजावा की किंचित संथ, असा खुलासा खुद्द बेथोव्हेनने १८१३ साली एडिंबरोच्या एका प्रकाशकाला पत्राने मागितला होता. त्यानंतर दोनच वर्षांनी मेल्त्सेलने लयमापक यंत्राचे पेटंट घेतले, ज्याची मूळ कल्पना ॲम्स्टरडॅमच्या विंकेलची होती, आणि तेव्हापासून मिनिटाला किती ठोके हे आकड्यात लिहिता येऊ लागले. आपल्या विलंबित एकतालाची मात्रा कधी कधी मिनिटाला पंधराच्याही खाली उतरते; त्या यंत्राचे सर्वांत संथ ठोके सुमारे चाळीसपाशी थांबतात, म्हणजे आपला विलंबित त्याच्या हद्दीबाहेरचा आहे. फोरेच्या आंदान्तिनोची चाल सहा मात्रांची, तीन-तीनच्या दोन गटांत, म्हणजे आपल्या दादऱ्यासारखी झुलती आहे. आणि तिचा खरा वेग ठरवणारा अधिकारी म्हणजे वाजवणाराचा श्वास. वाक्य संपेपर्यंत दम पुरला पाहिजे, म्हणून लय फार मंद ठेवता येत नाही. स्वर भरायला अवकाश हवा, म्हणून ती फार जलदही करता येत नाही. सतारिया किंवा पियानोवाला ज्या कैदेतून मुक्त आहे ती ही कैद, आणि बासरीच्या संगीताला जो मानवी आवाजाचा भास होतो तो पुष्कळसा तिच्यामुळे.

भरताच्या नाट्यशास्त्रात लय आणि रस यांची सांगड स्पष्ट घातलेली आहे: हास्य व शृंगारास मध्य लय, करुणास विलंबित, वीर, रौद्र, अद्भुत इत्यादींस द्रुत. स्वरांनाही त्याने अशीच वाटणी करून दिली. गांधार आणि निषाद त्याने करुणाकडे सोपवले. या व्यवस्थेत तथ्य आहे, परंतु कलावंत तिला फार वेळ मानीत नाहीत. याचा सुंदर पुरावा बासरी-पियानोच्याच वाङ्मयात आहे. फ्रान्सिस पूलांक याने १९५७ साली लिहिलेला सोनाटा, जो त्याच वर्षी स्ट्रासबर्ग येथे ज्याँ-पिएर रांपाल याने बासरीवर आणि खुद्द पूलांकने पियानोवर प्रथम वाजवला, त्याच्या पहिल्या भागाच्या माथ्यावर ‘अलेग्रो मालिन्कोनिको’ असे लिहिलेले आहे: उल्हसित वेगाने, पण उदास. शब्दांना आपसात भांडावयास लावणारे हे निवेदन वाचून प्रथम हसू येते. ऐकताना मात्र त्यात काहीही विसंगत वाटत नाही. बासरीचे वाक्य वरून झरझर कोसळत खाली येते, पियानो त्याखाली घाईने चालत राहतो, आणि ती घाईच विषण्ण वाटते. आपल्याकडेही द्रुत लयीतील भैरवी ऐकून डोळे ओलावलेले श्रोते काही थोडे नाहीत, आणि तेथे दोष देण्याजोगा कोणताही शास्त्रकार हजर नसतो.

याच रांपालसाठी पंडित रविशंकरांनी पुढे, १९७६ च्या सुमारास, तोडी रागावर आधारलेली एक रचना केली, आणि तिचे नावही पहाटेच्या जादूवर ठेवले. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, बासरीच्या जोडीला त्यांनी पियानो न देता हार्प दिला. गिटारवरही ती वाजवता येते. कारण तर्काने सांगता येते. तोडीचा कोमल गांधार पियानोच्या कोमल गांधाराशी एका घरात नांदणारा नव्हे, आणि बदलत्या स्वरसंघातांची पियानोला जी उपजत ओढ असते तिला तोडीत वाव मिळाला असता तर राग दोन मिनिटांत मोडून पडला असता. हार्पच्या छेडून सोडलेल्या तारा त्या मानाने तानपुऱ्याच्या नात्यातल्या. तरीही बांबूची बासरी आणि पियानो यांच्यासाठी कोणा मराठी संगीतकाराने काही बांधायचे मनात आणलेच, तर मार्ग बंद नाही. समान बारा तुकड्यांच्या पद्धतीत षड्ज जागचा हलत नाही, आणि मध्यम व पंचम स्वाभाविक जागेपासून फक्त दोन भागांनी ढळतात; तेवढे तीन पियानोकडे द्यावेत, खर्जात दूरदूर पेरून, आणि गांधार, धैवत, निषाद यांचा सारा कारभार बासरीकडे ठेवावा. पियानो कार्यक्रमाच्या त्याच दिवशी, त्याच दालनात जुळवून घ्यावा. आणि नागपुरात कार्यक्रम ठेवायचा असेल तर आयोजकांनी तारीख शक्यतो जानेवारीतली धरावी.